रानतूर : ओळख, वर्गीकरण आणि तुरीशी नाते

नायगाव, बिलोली, मुखेड, देगलूर या भागात तुरीचे तास पूर्वी ज्वारी-मुगात पडत, आता ते सोयाबीन आणि कापसात पडतात. खरिपाची इतर पिके निघाली की शिवारात हिरवी उभी राहते ती तूरच. नेमक्या याच दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, धुऱ्यावरच्या गवतात, गायरानाच्या मुरमाड उतारावर किंवा बोरी-बाभळीच्या कुंपणाला वेढे घालून एक लवदार वेल पिवळ्या फुलांवर आलेली असते. गुरे तिला तोंड लावतात, धुरा साफ करताना ती गवताबरोबर कापली जाते आणि अलीकडे तणनाशकाच्या फवाऱ्यात जळूनही जाते. तिच्याकडे मुद्दाम थांबून पाहणारा शेतकरी विरळाच.

ही वेल म्हणजे रानतूर. तिचे शास्त्रीय नाव कजानस स्कॅराबिऑइडिस. नाव उच्चारताना जीभ अडखळते हे खरे, पण त्यातला पहिला शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या शेतातील तुरीचे शास्त्रीय नाव कजानस कजान. म्हणजे आडनाव एकच! शास्त्रज्ञांनी हे आडनाव एक करायला दोनशेहून अधिक वर्षे घेतली आणि ते एक झाल्याचा संबंध थेट आपल्या तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीशी, वांझ रोगाशी आणि संकरित बियाण्याशी पोहोचतो. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनी ही वनस्पती नीट ओळखून घ्यावी, यासाठी हा लेख.

वेल कशी ओळखावी

रानतूर ही बहुवर्षायू आहे. पाऊसकाळ संपून उन्हाळा लागला की वरचा भाग वाळतो, परंतु बुडखा काष्ठमय असल्याने जमिनीत जिवंत राहतो आणि मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा फुटतो. फांद्या बारीक, लांब, गवतावर पसरणाऱ्या किंवा काठीला वेढे घेणाऱ्या असतात आणि त्यांवर दाट लव असते. पान तुरीप्रमाणेच त्रिदली, म्हणजे एका देठावर तीन पर्णिका. मात्र तुरीची पर्णिका लांबट आणि टोकदार असते, तर रानतुरीची आखूड, टोकाला गोलसर व हाताला जाडसर लागते. पान उलटे करून पाहावे. खालची बाजू राखाडी, मखमली दिसते आणि बुडापासून निघालेल्या तीन ठळक शिरा उठून दिसतात.

साधे भिंग मिळाले तर आणखी एक खूण पाहता येते. पानाच्या खालच्या बाजूस लवेच्या मध्ये बारीक पिवळसर ठिपके दिसतात. या राळेसारख्या द्रवाच्या ग्रंथी होत. तुरीच्या पानावरही त्या असतात. घेवडा, चवळी, मूग, उडीद यांच्या पानावर हे ठिपके नसतात. म्हणून शिंबी कुलातील घेवड्याच्या मोठ्या गटात तूर आणि तिचे नातलग यांचा एक वेगळा उपगट मानला जातो. ठिपके दिसले तर आपण बरोबर घरात आलो, एवढे समजावे.

फूल पतंगरूप, पिवळे, सुमारे एक सेंटिमीटर. तुरीच्या फुलाच्या निम्मे म्हणता येईल. पानाच्या बेचक्यात एकापासून पाच-सहापर्यंत फुले आखूड देठावर येतात. तुरीसारखा लांब तुरा नसतो. शेंग दोन ते अडीच सेंटिमीटर लांब, दाट केसाळ, आणि दोन दाण्यांच्या मध्ये आडवी दबलेली. शेंगेत साधारण चार ते सहा दाणे असतात. पक्व झाली की शेंग तडकते, दोन्ही टरफले पिळली जातात आणि दाणे दूर उडतात. ज्याने उशिरा कापलेल्या मुगाच्या शेंगा तडकलेल्या पाहिल्या आहेत, त्याला याचा नुकसानकारक अर्थ सांगायला नको. रानातल्या वेलीला मात्र तोच गुण जगवतो.

दाणा काळा किंवा काळपट तपकिरी, चपटा, तुरीच्या दाण्याच्या मानाने फारच लहान. त्याच्या नाभीशी, म्हणजे जेथे तो शेंगेला चिकटलेला असतो तेथे, पांढरट मांसल कंगोरा असतो. हा कंगोरा नखाने चाचपून पाहावा. पुढे सांगितलेल्या सर्व वादाचे मूळ या कंगोऱ्यात आहे. कंगोऱ्यासह हा काळा चकचकीत दाणा एखाद्या भुंग्यासारखा दिसतो, म्हणून नावात ‘भुंग्यासारखी’ अशा अर्थाचा शब्द आला.

एक नाव, अनेक वेली

रानतूर हे नाव आपल्याकडे एकाच वनस्पतीला लावले जात नाही, ही अडचण आहे. सह्याद्रीच्या घाटात तुरीसारखी सरळ उभी वाढणारी, बहुवर्षायू झुडपे आहेत. कजानस लिनिएटस आणि कजानस सेरिसियस या त्यांच्या जाती. त्यांनाही रानतूर म्हणतात. आपली वेल काही ठिकाणी रानकुळीथ या नावाने ओळखली जाते, कारण तिची पाने आणि चाल कुळथासारखी वाटते. प्रत्यक्षात कुळथाशी तिचे नाते दूरचे आहे.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत अधिक घोटाळा होतो तो ऱ्हिंकोशिया मिनिमा या वेलीमुळे. तीही बहुवर्षायू, तीही त्रिदली पानांची, पिवळ्या फुलांची, आणि पानाखाली ठिपकेही तसेच. कापसाच्या आणि सोयाबीनच्या शेतात ती सर्रास दिसते. फरक शेंगेत आहे. ऱ्हिंकोशियाच्या शेंगेत एक किंवा दोनच दाणे असतात, शेंग कोयत्यासारखी किंचित वाकलेली असते आणि दाण्यांमध्ये आडव्या खाचा नसतात. फुले मात्र सैल, लांब दांड्यावर येतात. चार-सहा दाण्यांची, खाचांची, केसाळ शेंग दिसेपर्यंत रानतूर सापडली असे म्हणू नये.

दोन घराणी एक कशी झाली

वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली रूढ केली. त्याच वर्षीच्या ग्रंथात त्याने आपली तूर ‘सायटिसस’ या प्रजातीत घातली आणि ही वेल ‘डॉलिकॉस’ या प्रजातीत, म्हणजे वाल आणि कुळथाच्या शेजारी. एक झुडूप, दुसरी वेल, म्हणून दोन घरे. त्या काळी वाळवलेले नमुने समोर ठेवून नावे दिली जात, शेतात जाऊन नव्हे. तेव्हा हा निवाडा समजण्यासारखा आहे.

पुढे तुरीसाठी कजानस ही स्वतंत्र प्रजाती झाली. १८३४ साली मद्रास इलाख्यातील वनस्पतींचा अभ्यास करणारे वाइट आणि त्यांचे सहकारी आर्नट यांनी तुरीसारख्या जंगली वनस्पतींसाठी ‘अटायलोशिया’ ही प्रजाती स्थापन केली. आपली वेलही तिच्यात गेली. दोन्हींमधला मुख्य भेद कोणता, तर दाण्यावरचा तो कंगोरा. अटायलोशियाच्या दाण्यावर तो ठळक असतो. तुरीच्या दाण्यावर तो नसतो किंवा नावापुरता असतो. एवढ्या एका खुणेवर दोन घराण्यांमध्ये भिंत उभी राहिली. मुंबई इलाख्याच्या जुन्या वनस्पती-ग्रंथांत ही वेल अटायलोशिया म्हणूनच सापडते. जुने पुस्तक चाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. नाव बदलले आहे, वेल तीच आहे.

ही भिंत खरी आहे का, याची परीक्षा संकर करूनच होणार होती. दोन वनस्पतींचा संकर होऊन त्यांना फलदायी संतती झाली, तर त्यांचे रक्त जवळचे आहे हे उघड होते. या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. डॉ. देवडीकर आणि ठकार यांनी १९५६ साली तूर व उभ्या वाढणाऱ्या अटायलोशिया यांच्या गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध करून त्यांची जवळीक दाखवून दिली. दोन्हींत गुणसूत्रांच्या ११ जोड्या, म्हणजे एकूण २२. नुसती संख्या जुळणे पुरेसे नसते. संकरित झाडात आईकडची आणि बापाकडची गुणसूत्रे एकमेकांशी जोड्या लावतात की नाही हे पाहावे लागते. ती लावतात असे दिसून आले. नंतरच्या संशोधकांनी आपल्या वेलीशीही तुरीचा संकर करून पाहिला आणि तोही साधला.

हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. परभणीचे आपले कृषी विद्यापीठही त्याच वर्षीचे. इक्रिसॅटमध्ये काम केलेले डच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हान डर मासेन यांनी या सर्व जातींचा नव्याने अभ्यास केला आणि १९८६ साली अटायलोशिया मोडीत काढून ती कजानसमध्ये विलीन केली. त्यांच्या मांडणीप्रमाणे कजानसमध्ये ३२ जाती होतात. त्या मुख्यत्वे भारतासह दक्षिण आशियात आणि ऑस्ट्रेलियात आहेत. एक पश्चिम आफ्रिकेत आहे. या सर्वांत पीक म्हणून पिकते ती एकटी तूर. बाकीच्या सर्व रानात.

या जातींत तुरीच्या सर्वांत जवळची कोणती, तर कजानस कजानिफोलियस. ओडिशा आणि बस्तरच्या बाजूला ती आढळते. ती इतकी तुरीसारखी असते की दाण्यावरचा कंगोरा पाहिल्याशिवाय भल्याभल्यांची फसगत व्हावी. अशी जवळची बहीण भारतातच रानटी स्थितीत आढळते, हा तूर मूळची भारताची असल्याचा एक सबळ पुरावा मानला जातो.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तूर आपण एका हंगामात कापतो म्हणून तिला वर्षायू समजतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तूरही बहुवर्षायूच आहे. विहिरीजवळ किंवा परसात राखलेले तुरीचे झाड तीन-चार वर्षे उभे राहते, हे अनेकांनी पाहिले असेल. हा गुण रानातल्या पूर्वजांकडून आलेला आहे, आणि तो पुढे आपल्याला अडचणीतही आणतो.

या वेलीत आपल्या कामाचे काय आहे

पहिली गोष्ट शेंगेवरची लव. तुरीच्या शेंगेवरही केस असतात, पण त्यांपैकी काही ग्रंथीयुक्त असून त्यांच्या स्रावाने घाटे अळीचा पतंग व अळी आकर्षित होते असे इक्रिसॅटच्या अभ्यासात दिसून आले. रानतुरीच्या शेंगेवर ग्रंथी नसलेल्या केसांचे दाट जंगल असते. अंड्यातून नुकतीच निघालेली कोवळी अळी त्या केसांतून शेंगेच्या सालीपर्यंत पोहोचू शकत नाही आणि उपाशी मरते. फवारणी करताना आपण मोठी अळी मारण्याच्या मागे असतो. ही वेल तिला लहानपणीच अडवते.

दुसरी गोष्ट संकरित तुरीची. ज्वारी, बाजरीप्रमाणे तुरीतही संकरित वाण तयार करायचा, तर आईकडच्या झाडात परागकण निकामी असावे लागतात. नाहीतर प्रत्येक फुलातील नर हाताने खुडावे लागतील. १९९१ साली आयसीपीएच ८ हा संकरित वाण आला, पण त्याच्या बीजोत्पादनात निम्मी सुपीक झाडे दरवेळी शोधून उपटावी लागत. हे शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम नव्हते. तेव्हा शास्त्रज्ञ रानतुरीकडे वळले. रानतूर आई आणि तूर बाप असा संकर करून, येणाऱ्या संततीचा पुन्हा पुन्हा तुरीशीच संकर केला की गुणसूत्रे जवळपास सगळी तुरीची होतात. पेशीद्रव्य मात्र आईकडून येत असल्याने रानतुरीचेच राहते. या विसंगतीमुळे परागकण निकामी होतात. आपल्या धुऱ्यावरच्या वेलीच्या पेशीद्रव्यावर आधारलेला जीटीएच १ हा संकरित वाण गुजरातेत २००४ साली प्रसारित झाला. कजानिफोलियसच्या पेशीद्रव्यावरचा आयसीपीएच २६७१ मध्य प्रदेशात २०१० साली आला. संकरित तुरीचा प्रसार अपेक्षेइतका झाला नाही. बीजोत्पादनासाठी वेगळे क्षेत्र, मधमाश्यांची ये-जा आणि नर-मादीच्या ओळी सांभाळणे सोपे नाही. परंतु मार्ग खुला झाला तो या नात्यामुळेच.

रानातले गुण शेतात आणणे वाटते तितके सरळ नाही. दाट लवेचा गुण घ्यायला जावे तर त्याच्याबरोबर लहान दाणा, तडकणारी शेंग, टणक साल आणि वेलीची चाल हेही ओढून येतात. हवे ते ठेवून नको ते गाळण्यासाठी वर्षानुवर्षे निवड करावी लागते. तरीही हे करावे लागणार आहे. २०१७ साली तुरीच्या २९२ नमुन्यांच्या जनुकीय वाचनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रानटी जातींकडून गावरान वाणांकडे आणि गावरानाकडून सुधारित वाणांकडे येताना विविधता कमी होत गेल्याचे त्यात स्पष्ट दिसते. नवा रोग किंवा नवी कीड आली की पैदासकाराला जुन्या साठ्याकडे जावे लागते, आणि तो साठा रानात आहे.

मग वांझ रोगाचे काय ?

वांझ रोगाचा विषाणू पसरवणारा कोळी अत्यंत सूक्ष्म असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि वाऱ्याबरोबर वाहून जातो. हा कोळी तूर आणि तिच्या काही रानटी नातलगांवरच जगतो आणि त्या नातलगांत आपली वेलही आहे. म्हणजे जी वेल प्रतिकारशक्तीचे भांडार आहे, तीच काही वेळा रोगाला आसराही देऊ शकते. रानतुरीच्या निरनिराळ्या ठिकाणच्या नमुन्यांत काही वांझ रोगास प्रतिकारक आढळले आहेत, तर काही बळी पडणारे. धुऱ्यावरची आपली वेल यांपैकी कोणती, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

यावर ‘धुरा साफ करून टाका’ असा सल्ला देणे सोपे आहे. तो आम्हाला पटत नाही. उन्हाळ्यात कोळ्याला आणि विषाणूला खरा आसरा मिळतो तो आपणच राखलेल्या तुरीत : विहिरीजवळची हिरवी झाडे, परसातली दोन-चार तुरी, आणि कापणीनंतर ओलीवर पुन्हा फुटलेले खुंट. वर सांगितलेला बहुवर्षायूपणा येथे नडतो. सुकून बुडख्यावर गेलेल्या रानवेलीपेक्षा मे महिन्यात हिरवेगार पान असलेली ही तूर कोळ्याला कितीतरी सोयीची. म्हणून आधी खोडवा आणि राखलेली तूर मुळासकट काढावी. ज्या शिवारात वांझ रोग दरवर्षी येतो, तेथे आपल्या बदनापूर केंद्राच्या बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३ यांसारख्या प्रतिकारक वाणांची पेरणी करावी. बीएसएमआर या नावातच वांझ रोगाच्या प्रतिकाराचा उल्लेख आहे.

रानतुरीबाबत मधला मार्ग घ्यावा. तुरीच्या तासाला लागून असलेल्या धुऱ्यावरची वेल काढली तरी हरकत नाही. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे दिसत असतील आणि फुले येत नसतील तर ती काढलीच पाहिजे. गायरान, माळ, देवस्थानाची पडीक जमीन, ओढ्याचा उतार येथील वेलींना मात्र हात लावू नये, तेथे तणनाशक मारू नये आणि वणवा लागू देऊ नये. आपल्या भागात गायराने आक्रसत चालली आहेत हे सर्वांना दिसते आहे. तेथून वेल गेली तर ती कोणत्याही कृषी सेवा केंद्रात विकत मिळणार नाही.

बी गोळा करावयाचे असल्यास

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शेंगा हिरव्याच्या तपकिरी होऊ लागल्या की दर चार दिवसांनी फेरी मारावी, कारण एका कडक दुपारीत शेंगा तडकून मोकळ्या होतात. पूर्ण वाळण्याची वाट न पाहता रंग बदललेल्या शेंगा खुडून कागदी पाकिटात घालाव्यात आणि पाकिटाचे तोंड बंद करून सावलीत वाळवावे. उघड्या सुपात ठेवल्यास दाणे घरभर उडतील. एका वेलीवरून सगळ्या शेंगा घेऊ नयेत. निम्म्याहून अधिक तेथेच राहू द्याव्यात आणि वेल उपटू नये. पाकिटावर गाव, तारीख, जमिनीचा प्रकार आणि वेल कशावर चढली होती हे लिहावे. नाव-गाव नसलेले बी संशोधकाच्या फारसे उपयोगाचे नसते.

पेरून पाहायचे असेल तर दाण्याची साल टणक आहे हे लक्षात घ्यावे. तसाच पेरलेला दाणा महिनोन् महिने जमिनीत पडून राहतो. कंगोऱ्याच्या विरुद्ध बाजूस पॉलिश कागदावर साल थोडी घासावी किंवा ब्लेडने हलकी चीर द्यावी, आतला गर दुखावू नये, आणि रात्रभर पाण्यात भिजवावे. फुगलेले दाणे तेवढे लावावेत. पेरणी कुंडीत करावी, तुरीच्या शेतात नव्हे.

नायगाव-बिलोली भागातील शेतकऱ्यांना सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. तेथे किंवा जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात वाळवलेली फांदी आणि शेंगा नेऊन दाखविल्यास ओळख पक्की करून घेता येईल. नायगावावरून नरसी-देगलूरमार्गे जो रस्ता संगारेड्डीकडे जातो, त्याच्या पलीकडेच पाटनचेरू आहे. तेथील बीजपेढीत तुरीचे व तिच्या रानटी नातलगांचे मिळून १३ हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत.

जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावयास हवी. आपल्या ग्रामपंचायतीत ती नोंदवही मागून पाहावी आणि तिच्यात रानतुरीची नोंद, जागेसह, करून घ्यावी. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ मध्ये गावरान वाणांबरोबरच पिकांच्या रानटी नातलगांचे जतन करणाऱ्या शेतकऱ्यालाही मान्यता आणि पारितोषिकाची तरतूद आहे. त्यासाठी लागणारे अर्ज कृषी विज्ञान केंद्रामार्फत करता येतात. अर्जासोबत वेलीचे फुलासह व शेंगेसह छायाचित्र, जागेचा गट क्रमांक आणि किती वर्षांपासून ती तेथे राखली आहे याचा ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा.